बंदुका पुसल्या, बोटे राहिली

पत्त्यांच्या द्वंद्वांवरच्या 'यू-गी-ओह!' या जपानी ॲनिमेशन मालिकेच्या अमेरिकी आवृत्तीत सुटाबुटातले गुंड समोरच्याला धाक दाखवण्यासाठी नुसती तर्जनी रोखून उभे राहतात. मूळ जपानी चित्रात त्यांच्या हातात पिस्तुले होती. ती पुसून टाकणाऱ्यांनी हाताची ठेवण बदलण्याचेही कष्ट घेतले नाहीत. हे दृश्य मी जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा मस्तकात तिडीक जाते.

मुलांना रक्त दाखवू नये, हे मलाही मान्य आहे. पण मग ती मालिका मुलांच्या वेळेत लावायचीच कशाला? मालिका तर हवी, तिची खेळणी आणि पत्तेही खपायला हवेत, आणि तिच्यातले मरण तेवढे नको, हा कुठला न्याय? बरे, मरण काढून त्याजागी घातले काय, तर 'छायालोक'! याच मालिकेत दोन खेळाडूंचे पाय साखळदंडांनी जखडलेले असतात आणि हरणाऱ्याच्या पायांकडे फिरती करवत सरकत येते. अमेरिकी आवृत्तीत त्या करवतीच्या जागी चमकणारी चकती आली, जिचा स्पर्श होताच आत्मा कायमचा त्या छायालोकाच्या अंधारात कोंडला जातो. म्हणजे पाय तुटणे मुलांसाठी भयंकर, आणि अनंतकाळचा तुरुंगवास मात्र सौम्य! पोराला आगीतून काढून फुफाट्यात ढकलले आणि वर त्याच्या काळजीचा आव आणला.

समुद्री चाच्यांवरच्या 'वन पीस' या जपानी मालिकेची २००४ मध्ये अमेरिकेत आलेली आवृत्ती तर याहून संतापजनक आहे. सुरुवातीच्याच भागांत कोबी नावाच्या भेदरट पोराच्या डोक्याला पिस्तूल लावले जाते आणि तरीही, जीव गेला तरी नायक लुफीच्या वाटेत आडवे येणार नाही, असे तो ओरडून सांगतो. त्या पोराचे सारे धैर्य त्या नळीवर तोललेले आहे. संपादकांनी तिथे स्प्रिंगवर बसवलेला हातोडा रंगवला. आता कोबी नेमका कशाला सामोरा जातो आहे, टेंगळाला? (लुफीचा साथीदार सांजी याच्या तोंडातल्या सिगारेटचे लॉलीपॉप झाले, त्याबद्दल तर बोलायलाच नको.)

जपानी वाहिन्याही काही कमी नाहीत, हे कबूल केले पाहिजे. २०१४ मधल्या 'टेराफॉर्मर्स' या ॲनिमेशन मालिकेत माणसांची मुंडकी उडताना पडद्यावर डांबरासारखे काळे गोळे येत, इतके मोठे की कोण मेले हे आवाजावरून ओळखावे लागे. ही मालिका लागत होती मध्यरात्रीनंतर. त्या वेळी टीव्हीसमोर कोणती बालके बसलेली असतात, हे एकदा कोणीतरी मला समजावून सांगावे. तेच प्रसंग पुढे ब्लू-रे डिस्कवर मात्र काळ्या गोळ्यांविना विकायला आले. तेव्हा पैसे मोजले की हिंसा चालते!