संध्याकाळची हाफ मॅरेथॉन आन् शेवटचा गडी

"सकाळचं पळणं सोडून हे संध्याकाळचं खूळ कोणी काढलं बे?" असं मोरे गुरुजी म्हणाले आन् मग बंडूभाऊच्या पानठेल्यावरून रात्री साडेनऊपर्यंत कोणी हललंच नाही. निमित्त नितीनचं. तो कृषी केंद्रात कामाले हाये, मागच्या रविवारी जिल्ह्याच्या गावी हाफ मॅरेथॉन पळून आला, संध्याकाळी पाचले सुरू आन् अंधार पडल्यावर खतम अशी. मेडल दाखवायले घेऊन आला होता पण मेडलपेक्षा शिव्याच जास्त घेऊन आला.

"गुरुजी, 21 किलोमीटर आन् वर 97 मीटर असते ते. मी किलोमीटरले सात मिनिटं पळतो, म्हणजे अडीच तास धरा. डिसेंबरमध्ये सूर्य साडेपाचले बुडते. सहापर्यंत माहे आठ झाले, बाकी सगळं काळोखात. रस्त्यावर चुन्याचे बाण मारले होते, दुपारी पाहाल तर झकास, पण त्याच्यावरून ट्रॅक्टर गेले आन् समोरून बोलेरोवाला अप्पर मारत आला की बाण कुठं आन् खड्डा कुठं. चौदाव्या किलोमीटरले डावीकडं वळायचं होतं, मी गेलो सरळ. एका वस्तीतले कुत्रे मागं लागले तवा समजलं का आपला रस्ता चुकला."

"मंग त्या एका किलोमीटरात टाइमिंग चांगलं आलं असन," बंडूभाऊ खर्रा घोटता घोटता बोलला. सगळे हसले, नितीन सोडून.

गुरुजींचं म्हणणं असं की शरीर सकाळचं असते, रातभर आराम झालेला, पोट रिकामं, हवा थंडी. त्याच्यावर अक्षय उसळला. अक्षय पोलीस भरतीची तयारी करते, 1600 मीटरच्या पुढं त्याले कधी पळायचं काम पडत नाही पण वाचते लय. तो म्हणे, "गुरुजी उलटं हाये. शरीराचं टेंपरेचर पहाटे सगळ्यात कमी रायते आन् संध्याकाळच्या सुमारास सगळ्यात जास्त, म्हणून संध्याकाळी अंग मोकळं रायते. सकाळी साडेपाचले आम्ही ग्राउंडवर पहिले दोन राउंड लाकडावानी मारतो."

"आन् दुपारचं जेवण?"

इथं नितीन गप झाला. मग कबूल केलं का साडेबाराले भाकर आन् वांग्याची भाजी दाबून खाल्ली होती, तेल तरंगणारी, दहाव्या किलोमीटरपर्यंत वांगं वर येत होतं. संध्याकाळच्या रेसची ही खरी भानगड हाये, सकाळी उपाशी किंवा एक केळं खाऊन चालून जाते पण संध्याकाळी दिवसभराचं खाणं-पिणं, शेतातलं उभं राहणं, दुकानातली कटकट सगळं घेऊन पळा लागते. तीन-चार तास आधी साधं वरण-भात खाऊन थांबलं पायजे, मसाला-तेल दुसऱ्या दिवशी.

मग विषय उन्हावर गेला, आपल्याकडं तो जातेच. अक्षयनं दोहाचं काढलं. 2019 च्या सप्टेंबरमध्ये तिथं जागतिक स्पर्धेत बायांची मॅरेथॉन ऊन टाळायले म्हणून रात्री बाराले ठेवली, तरी बी 68 निघाल्या त्यातल्या 28 जणींनी मधातच सोडली. ऊन नव्हतं पण दमट एवढं का घाम वाळेच ना, आन् घाम वाळला नाही तर अंग थंडं कसं होईन. "मंग पाय," गुरुजी म्हणाले, "अंधारानं काय साधलं?" पण आपल्याकडं दोहा नाही ना. आपल्याकडं हिवाळ्यात हवा कोरडी, घाम येते आन् लगेच उडते, आपल्याले वाटते घामच आला नाही आन् टी-शर्ट पाहा तर मिठाचे पांढरे पट्टे. त्याच्यानं तहान लागायची वाट पाहायची नाही, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं घेत जायचं. मे महिन्यात मात्र कोणी नाव काढू नये, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा 45 च्या वर जाते आन् सात वाजले तरी डांबर खालून शेकते.

नितीनचा जो मुद्दा मले पटला तो असा. सकाळच्या रेसमध्ये पुढचे लोक गारव्यात पळून मोकळे होतात आन् जो हळू हाये तो साडेआठ-नऊच्या उन्हात भाजते. संध्याकाळी उलटं, सुरुवातीले सगळ्यांलेच गरम, पण मागचा जसा जसा पळत जाते तसं वारं थंडं होत जाते. म्हणजे हवेच्या हिशोबानं संध्याकाळची रेस मागच्या माणसाच्या बाजूची हाये. मग आयोजकांनी काय केलं? पहिले पन्नास आले, बक्षीसं वाटली, पाहुण्यांची भाषणं झाली, केळी संपली, व्हॉलंटियर पोरं मोटरसायकलवर तिघं तिघं बसून घरी गेली. नितीन पोचला तवा एक माणूस फिनिशच्या कमानीची हवा सोडत होता. "त्यानंच मले मेडल देल्लं," नितीन म्हणे, "पोत्यातून काढून."

गुरुजींनी तरी सोडलं नाही. त्यांनी रस्त्याचा मुद्दा काढला आन् तो खरा वजनदार होता. डिसेंबरात संध्याकाळी आपल्या रस्त्यावर काय काय असते पाहा. गायकी ढोरं घेऊन परतते, वेचणीच्या बाया ऑटोत दाटीवाटीनं येतात, कापसाचे पिकअप जिनिंगकडं निघते, अर्ध्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीले मागून लाइट नाही आन् रेडियम बी नाही. चुली पेटतात, कोणी धुऱ्यावरचा कचरा जाळते, थंडीत तो धूर वर जात नाही, रस्त्यावरच बसते, आन् तो छातीत घेऊन पळायचं. त्यात मण्यार रात्रीच निघते. "आन् 2018 ची टी-1 वाघीण विसरला काय? राळेगावकडं लोक दिवस मावळायच्या आत दार लावून घेत होते."

"वाघ हाफ मॅरेथॉन नाही पळत गुरुजी," अक्षय बोलला, पण आवाज जरा उतरला होता.

तेवढ्यात वंदनाताई आल्या. त्या आशा सेविका, स्कुटी उभी करून रिचार्ज मारायले थांबल्या होत्या, अर्धं ऐकलंच होतं. म्हणाल्या, "तुमचं पायटचं काय उजेडात असते का? साडेपाचची रेस म्हणजे माणसाले तीनले घर सोडा लागते, तवा एसटी असते का? तो अंधार तुम्हाले दिसत नाही काऊन का तो पळायच्या आधीचा हाये. आन् माह्या पोरीले पळायचं असन तर मी पहिले विचारीन का शेवटून कोण येऊन रायलं आन् घरी कोण आणून सोडन."

यावर गुरुजी बी मान हलवते झाले.

मग गोष्ट भांडणातून कामावर आली. हायवे नकोच. कालव्याच्या बाजूचा रस्ता घ्यायचा, शाळेच्या ग्राउंडपासून सव्वापाच किलोमीटरचं चक्कर मोजून चार वेळा, त्याच्यानं कोणीच उजेडापासून अडीच-पावणेतीन किलोमीटरपेक्षा दूर जात नाही. नितीनले चक्कर पसंत नाही, तो म्हणे बोअर होते, पण आता ज्याचा रस्ता चुकला त्यानं बोलू नये. डिसेंबर बी नको, वेचणी आटपू द्यायची आन् माघी पौर्णिमेच्या लगेच आधीचा रविवार धरायचा, सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडते आन् चांदणं लगेच हाजर. बाण चुन्याचे नाही, रेडियमचे. कपाळावरची बॅटरी सगळ्यांले सक्तीची, शेतात ओलिताले जातात त्यांच्या घरी हायेच ती, रातच्या लाइनीनं तेवढी तरी सोय करून ठेवली. पळायचं उजव्या अंगानं, समोरची गाडी दिसली पायजे.

आन् शेवटच्या गड्याच्या मागं मोटरसायकल. ही कोण चालवन यावर लय चर्चा झाली, ताशी सात किलोमीटरनं तीन तास क्लच दाबत कोण जाईन, अक्षयले स्वतः पळायचं होतं, बंडूभाऊले चहाचा गंज मांडायचा होता, गुरुजींचे गुडघे दुखतात.

"मी राहीन मागं," वंदनाताई म्हणाल्या, "स्कुटीले क्लच नाही. पेट्रोल मात्र तुमचं."