चिनी व्हायोलिनवादकावर मत कसे द्यावे?

गेल्या रविवारी पुण्यात मॉस्कोला शिकलेल्या एका चिनी तरुणीचे व्हायोलिनवादन झाले. मध्यंतरात शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थांनी चहाचा पहिला घोट घेण्याआधीच निकाल दिला, "तयारी जबरदस्त, पण आत्मा नाही." असे जाणकार होऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना.

प्रथम वादकाचे आडनाव वाचावे. मग वादन ऐकण्याची फारशी गरज उरत नाही.

सूर बिनचूक लागला तर 'यंत्र' म्हणावे, निसटला तर 'शेवटी ते संगीत त्यांचे नव्हेच' म्हणावे.

रशियन आत्मा रशियाच्या मातीतच उगवतो, असे ठामपणे सांगावे. मात्र लिओपोल्ड आउअर यांचे नाव चुकूनही काढू नये, कारण सेंट पीटर्सबर्गला १८६८ ते १९१७ व्हायोलिन शिकवून हायफेट्झ, एल्मन आणि झिम्बालिस्ट या जगप्रसिद्ध वादकांना घडवणारे हे गुरू जन्माने हंगेरीचे होते.

चिनी व्हायोलिनवादक लिन याओजी १९६० मध्ये मॉस्कोला व्हायोलिनगुरू यांकेलेविच यांच्याकडे शिकायला गेले आणि त्यांचेच देशबांधव शंग जोंगग्वो नामवंत वादक लिओनिद कोगान यांच्याकडे, हेही विसरावे. दोघे मायदेशी परतले आणि १९६६ मध्ये चीनमध्ये माओंची सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. जे शिकायला सरकारनेच परदेशी धाडले होते, ते वाजवणे हाच अपराध ठरला. ते दिवस सोसून लिन यांनी बीजिंगमध्ये पिढ्या घडवल्या आणि त्यांचा शिष्य श्वे वेई १९८६ मध्ये मॉस्कोतच चायकोव्हस्की स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाचा मानकरी ठरला. आत्म्याची तपासणी करायला आमचे गृहस्थ त्या परीक्षकांत नव्हते, एवढीच काय ती उणीव.

आपल्याकडे कोणी बारा तास तानपुऱ्यापुढे बसला की तो तपस्वी, त्याच्या नुसत्या आठवणीनेही आपण कानाची पाळी धरतो. आणि ही मुलगी परक्या भाषेत धडे घेऊन, बर्फात व्हायोलिनची पेटी पाठीवर वाहून तेच करते, तेव्हा ती यंत्र! या गृहस्थांचा भाचा रशियात डॉक्टरकी शिकतो, हे त्यांनीच मला अभिमानाने सांगितले. त्याने उद्या नाडी धरली, तर ती रशियन आत्म्याने धरली की मराठी, हे ते विचारणार आहेत काय?

अहो, तुम्ही ऐकलेत तरी काय? ती संथ भाग वाजवत असताना तुम्ही मान खाली घालून मोबाइलवर लग्नाचे फोटो पाहत होता, आणि त्याचा उजेड माझ्या डोळ्यांवर येत होता.