फोटोंच्या म्युझियमात फोटो कसे बघावेत

पोरगा न्यूयॉर्क राज्यात नोकरीला असला की पेरणीच्या आधी आईबापाची एक वारी ठरलेलीच. नायगारा पाहून झाला आणि सूनबाई म्हणाली, ‘बाबा, दीडेक तासावर रॉचेस्टरला कोडॅक कंपनी काढणाऱ्या जॉर्ज ईस्टमनचं फोटोंचं म्युझियम आहे,’ तर लगेच हो म्हणा. फक्त पथ्यं पाळा.

पहिलं पथ्य कपड्यांचं. पांढरं धोतर, पांढरी बंडी, पांढरी टोपी. तिथला डॅगेरोटाइप, म्हणजे सुरुवातीच्या काळातला फोटो, 1839 सालात जगापुढं आला, तो कागदावर नव्हे. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासायचा, आयोडीनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात उजेड दाखवायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. पाऱ्याचे कण बसले तिथं उजळ, बाकी नुसता आरसा. त्या आरशात काळं काही पडलं तरच सावल्या काळ्या दिसतात. समोर तुमची बंडी आली की सावल्याच उजळतात, माणूस निगेटिव्हसारखा उलटतो आणि मधोमध तुमचीच टोपी. काळी शाल पांघरून जरा तिरपं उभं राहिलं, तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा माणूस थेट डोळ्यांत बघतो म्हणे. पण मे महिन्यात शाल कोण नेतो? ‘काई दिसत नाई बाप्पा, आरसाच हाय,’ म्हणा आणि पुढं व्हा.

पुढं अंधार लागेल. जुन्या कागदी फोटोंना 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपासच उजेड देतात, कारण उजेडानं केलेलं नुकसान साचत जातं, भरून निघत नाही. तुम्ही लोडशेडिंग समजून मोबाइलचा टॉर्च लावा. रखवालदार आला की पोराला पुढं करा, इंग्रजी त्याचं चांगलं आहे.

1888 चा कोडॅक कॅमेरा लागला तर थांबू नका. किंमत 25 डॉलर, आत 100 फोटोंची फिल्म भरलेलीच. डोळा लावून बघायला खिडकी नाही. डब्यावरच्या रेघांवरून अंदाजानं नेम धरायचा. फोटो संपले की अख्खा डबा रॉचेस्टरला पाठवायचा, 10 डॉलरात फोटो धुऊन आणि नवी फिल्म भरून परत यायचा. फोटो गोल, अडीच इंचाचे. आपल्याकडं 36 चा रोल हळदीपासून बिदाईपर्यंत पुरवणाऱ्या माणसाला हे कळेल, पण तो माणूस आता गाडी लावेपर्यंतच शंभर फोटो काढून बसलेला असतो.

ईस्टमनचा वाडा मात्र नीट बघा. 1919 मध्ये त्यानं तो चिरून दोन भाग केला आणि एक भाग 9 फूट 4 इंच सरकवला. भावाभावांच्या वाटणीपायी नाही, कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे घरातलं झाडाफुलांचं दालन, मोठं करायला! हे गावात सांगितलं तर कोणी मानणार नाही.

घरी आल्यावर जुने फोटो लगेच लॅमिनेट करून घ्या. गरम गोंद एकदा बसला की फोटो पुन्हा सुटा व्हायची भीतीच नाही. आजोबांचा फोटो मधे जाड कागदाची चौकट न घालता थेट काचेला टेकवून मढवा आणि ओल येणाऱ्या भिंतीवर टांगा. श्रावणात फोटोच्या थरातलं जिलेटिन ओल धरतं, मऊ पडतं आणि काचेला घट्ट चिकटतं. पुढं काच काढताना आजोबांची अर्धी मिशी काचेवर आली, तर घाबरू नका. काचेवरचे फोटो तिकडं म्युझियमातही जपून ठेवतात.