काकूंची गुणसूत्रे आणि मोडू घातलेली सोयरीक
‘मल्टिपल स्क्लेरोसिस हा गुणसूत्रांचा बिघाड आहे, तो पुढच्या पिढीत उतरतोच, म्हणून अशा घरी सोयरीक करू नका, केलीच तर मुलीची गुणसूत्र-तपासणी मागा,’ असा संदेश महिनाभरापासून आमच्या तालुक्यात फिरतो आहे. तो दारव्ह्याकडच्या पाहुण्यांच्या हाती पडला आणि माझ्या चुलतबहिणीची ठरत आलेली सोयरीक अडली, कारण काकूंना हा मेंदू आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंचा आजार आहे.

गुणसूत्रांचा बिघाड म्हणजे त्यांची संख्या किंवा रचना बदलणे. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तसे काही आढळत नाही. पाहुण्यांनी मागितलेली तपासणी काकूंची केली तरी ४६ गुणसूत्रे जागच्या जागीच दिसतील.

आनुवंशिकतेचा अंश आहे, हे मान्य करावे लागते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४७,४२९ रुग्ण आणि ६८,३७४ निरोगी माणसे यांची तुलना करून जनुकसंचातील या आजाराशी संबंधित २३३ दुवे नोंदवले गेले. परंतु त्यांतील बहुतेकांचा परिणाम अगदी किरकोळ आहे, आणि सहाव्या गुणसूत्रावरील जो सर्वांत प्रबळ मानला जातो, तो धोका सुमारे तिप्पट करत असला तरी असंख्य निरोगी माणसांतही असतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असताना दुसऱ्याला तो बहुतेक वेळा होत नाही. आई किंवा वडील रुग्ण असतील तर शंभर मुलांपैकी दोन-तीन मुलांना होतो. पाहुण्यांच्या स्वतःच्या घरी तिघांना शुगर आहे, आणि ती याहून कितीतरी अधिक प्रमाणात पिढीत उतरते. तिची चौकशी मात्र आमच्याकडून कोणी केली नाही.

‘उन्हाने गुणसूत्रे वितळतात, म्हणून उन्हाळ्यात त्रास वाढतो,’ हे संदेशातले वाक्य कोणाला सुचले असेल, देव जाणे. मे महिन्यात धुऱ्यावरून परतताना काकूंना धूसर दिसते आणि डावा पाय ओढावा लागतो. ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन माठाजवळ तासभर बसल्या की नजर पुन्हा निवळते. वितळलेले गुणसूत्र तासाभरात सांधत नाही. मज्जातंतूंवरील आवरण झिजलेले असल्याने शरीर तापले की संदेशवहन तात्पुरते मंदावते, एवढेच.

या आजारावर वापरलेल्या मायटोक्सँट्रॉन या औषधामुळे काही थोड्या रुग्णांना रक्ताचा कर्करोग होऊन त्या रक्तपेशींतील गुणसूत्रांत अदलाबदल झाल्याचे आढळले आहे, हे खरे. पण तो औषधाचा परिणाम आहे, तो मुलांत उतरत नाही, आणि काकूंना ते औषध कधी दिलेलेच नाही.

राहिला संदेशात सुचवलेला ‘गुणसूत्रे शुद्ध करणारा’ काढा. संदेशाच्या तळाशी जो फोन नंबर आहे, तो त्या काढ्याच्या विक्रेत्याचाच आहे.