बातमीचा छेद

‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२चा, म्हणून महाराष्ट्रात त्या दिवशी पत्रकार दिन. लंडनमध्ये बसून मी दरवर्षी त्या दिवसाचे लेख वाचते. बाळशास्त्री जांभेकर त्यांत पहिले मराठी संपादक म्हणून भेटतात, सुधारक म्हणून भेटतात. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गणित शिकवणारे, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहणारे, कलनशास्त्रावर मराठीत लिहिणारे बाळशास्त्री मात्र एका ओळीत आटोपतात. मला ती ओळ सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

संपादकाला राजकारण कळावं, भाषा यावी, यावर तिकडे सगळ्यांचं एकमत. विज्ञान शिकलेला कुणी दैनिकात आलाच, तर त्याच्या हाती आठवड्याची पुरवणी देतात.

‘तुमच्या इंग्लंडात असं नसेल’, असं मला ऐकवलं जातं. पण इथेही तसंच आहे, आणि त्याची झळ मला बसली आहे. १९९८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध असावा, अशी शंका त्यातून पसरली. निबंधात तपासलेली मुलं होती अवघी १२. वृत्तपत्रांनी ती शंका वर्षानुवर्षं पहिल्या पानावर ठेवली. २००२मध्ये माझी मुलगी वर्षाची झाली आणि मी लस पुढे ढकलली. बारा मुलं मला पाठ होती; दरवर्षी हीच लस घेणारी लाखो मुलं बातमीत नव्हतीच. अंश छापला, छेद गाळला. इंग्लंडमध्ये या लसीकरणाचं प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवरून ८०पर्यंत घसरलं. निबंध मागे घेतला गेला तो २०१०मध्ये.

त्यातला खोटेपणा उघड केला ब्रायन डीअर या पत्रकारानं, ‘संडे टाइम्स’मधून. तो तत्त्वज्ञान शिकलेला. म्हणजे विज्ञानाच्या पदवीवाचूनही हे जमतं, हे मला मान्य आहे. पण डीअरला शोध घ्यायला वर्षं मिळाली. रात्री पान लावताना मिनिटं असतात. ‘रुग्ण दुप्पट’ असा मथळा समोर आला की दोनाचे चार झाले की दोन हजारांचे चार हजार, हे तिथल्या तिथे विचारायची सवय अंगात मुरलेली लागते. ती प्रयोगशाळेत जडते, आणि गुन्हे, अर्थसंकल्प, निवडणूक, सगळीकडे उपयोगी पडते. शिवाय मथळा थांबवायचा अधिकार पुरवणीवाल्याकडे नसतो.

म्हणून भौतिकशास्त्र शिकलेली एखादी मुलगी उद्या तुमच्या दैनिकात आली, तर तिला रात्रपाळी द्या. पहिलं पान तिच्या नजरेखालून जाऊ द्या.