रासचा स्विच सोड्याने बंद होत नाही, गोळी मात्र वाया जाते

परवा रात्री मावशीचा फोन. "अगं, तो स्विचवाला मेसेज वाचलास का? गोळ्या थोडे दिवस बंद करून बघू का?" मावशीला फुप्फुसाचा कॅन्सर आहे, रिपोर्टमध्ये 'के-रास जी12सी' लिहिलंय आणि त्यावरची सोटोरासिब नावाची गोळी तिला चालू आहे. मेसेज तुम्हालाही आला असेल, मला चार ग्रुपवर आलाय. त्यात म्हटलंय की शरीरात 'रास' नावाचा कॅन्सरचा स्विच असतो, शरीरातलं आम्ल वाढलं की तो ऑन होतो, साखरेवर तो पोसतो, 21 दिवस सकाळ-संध्याकाळ खायचा सोडा घातलेलं पाणी प्या म्हणजे कायमचा ऑफ होतो. वॉरबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाला यासाठीच नोबेल मिळालं, आणि कंपन्या हे लपवतात कारण त्यांच्याकडे या स्विचवर औषधच नाही.

आधी सोड्याचं बोलते, कारण जिवाशी खेळ तिथेच आहे. सोटोरासिब नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, गोळीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय: ओमेप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या टाळा, अँटासिड घ्यावंच लागलं तर ही गोळी त्याच्या 4 तास आधी नाहीतर 10 तासांनंतर घ्या. जेवणानंतर ओमेप्राझोलसोबत दिली तेव्हा रक्तात पोचलेलं औषध निम्म्याहूनही कमी भरलं. आणि खायचा सोडा म्हणजे अँटासिडच की! आता हिशोब करा, सोडा प्यायल्यावर 10 तास थांबायचं, मग गोळी, मग पुढे 4 तास सोडा नाही, म्हणजे दोन सोड्यांच्या मध्ये 14 तास हवेत, आणि सकाळ-संध्याकाळ प्यायला तर मिळतात जेमतेम 12. म्हणजे मेसेज तंतोतंत पाळणाऱ्या पेशंटला गोळी घ्यायला योग्य अशी वेळच उरत नाही, तो रोज न चुकता गोळी गिळत राहणार आणि ती पुरेशी अंगी लागणारच नाही. मावशीने गोळ्या थांबवल्या नव्हत्या, पण सोडा दोन दिवस प्यायली होती. हे ऐकलं तेव्हा माझे हातपाय गार पडले.

'आम्लाने स्विच ऑन होतो' हेही चूक. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल किती आहे त्याचं माप, सहसा 7.35 ते 7.45 च्या मध्येच राहतो, फुप्फुसं आणि किडन्या तो तिथून फारसा हलू देत नाहीत. आणि कॅन्सरची पेशी आतून साध्या पेशीपेक्षा उलट किंचित अल्कलाइनच असते, ती आम्ल बाहेर फेकते. गाठीच्या आजूबाजूला आम्ल सापडतं ते त्यामुळे.

आता 'कॅन्सरचा स्विच'. रास हे तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या पेशीतलं साधं, छोटं प्रोटीन आहे, 188-189 अमिनो ॲसिडचं, म्हणजे तेवढे मणी ओवलेल्या माळेसारखं. जीटीपी आणि जीडीपी हे पेशीतले दोन छोटे रेणू, रासच्या खाचेत जीटीपी बसला की ऑन, तो तुटून त्याचा जीडीपी झाला की ऑफ. बाहेरून वाढीचा निरोप आला की एसओएस नावाचं प्रोटीन ती खाच सैल करतं, जुना जीडीपी गळून पडतो आणि पेशीत जीटीपी साधारण दहापट जास्त असल्यामुळे रिकाम्या जागी तोच येऊन बसतो. बंद करायचं काम वेगळ्याचं. रास स्वतः जीटीपी तोडतं, पण फार सावकाश. मग गॅप नावाचं प्रोटीन येतं, आपलं आर्जिनिन नावाचं अमिनो ॲसिड बोटासारखं त्या खाचेत घालतं आणि तोडण्याचा वेग लाखभर पटीने वाढतो. आता बघा, रासच्या बाराव्या जागेवर ग्लायसिन असतं, सगळ्यात लहान अमिनो ॲसिड, म्हणून ते बोट आत मावतं. तिथे दुसरं जवळपास काहीही आलं की बोटाला जागा नाही आणि स्विच अडकून बसतो. 1982 साली मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये हेच सापडलं, डीएनएचं एक अक्षर बदललेलं आणि ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन. मावशीच्या रिपोर्टमधला 'के-रास' हा रासचाच एक प्रकार, आणि 'जी12सी' म्हणजे त्याच बाराव्या जागेवर सिस्टीन. डीएनएचं अक्षर सोड्याने बदलतं का? आणि 'कायमचा ऑफ' म्हणणाऱ्यांनी हे ऐका, ज्या उंदरांमधून के-रासचा जीन काढून टाकला ते जन्मालाच आले नाहीत, गर्भातच मेले.

औषध नाही म्हणे. हे एकेकाळी खरं होतं, तेवढं मान्य करते. जीटीपी रासला इतका घट्ट चिकटतो की त्याला हुसकावणारं औषध तीसेक वर्षं कुणाला जमलं नाही. पण 2013 मध्ये केव्हन शोकाट यांच्या लॅबने त्या सिस्टीनलाच अडकणारे रेणू शोधले आणि मे 2021 मध्ये अमेरिकेत सोटोरासिबला परवानगी मिळाली. जी12सी असलेलं रास अडकलेलं असलं तरी अधूनमधून स्वतःच जीटीपी तोडून क्षणभर ऑफ होतं, गोळी त्याला नेमकं तेव्हा पकडते आणि परत ऑन होऊ देत नाही. म्हणजे स्विच ऑफ करायचं जे काम मेसेजवाले सोड्याच्या नावावर खपवतायत ते ही गोळी करतेय, आणि सोडा तिलाच अडवतोय! गोळी चमत्कार नाही हेही सांगते, 124 पेशंटच्या चाचणीत 37 टक्के लोकांच्या गाठी चांगल्या आकसल्या आणि त्यांच्यात हा परिणाम साधारण 11 महिने टिकला. मावशीला हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय.

साखरेत अर्धं सत्य आहे. साखर तुटताना मध्ये तयार होणारा एक पदार्थ रासला चालना देतो, हे यीस्टमध्ये 2017 साली दिसलंय. पण माणसात बिघडलेलं रास स्वतःच पेशीत जास्त साखर ओढून घेतं, आणि आपण खाणं तोडलं तरी शरीर रक्तातली साखर टिकवून धरतं. यात वजन घटतं ते पेशंटचं. वॉरबर्गचं 1931 चं नोबेल श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं, त्यात सोडा कुठेच नाही.

सकाळी मावशीच्या डॉक्टरांना फोन करून दोन दिवसांच्या सोड्याचं सांगितलं, सोडा बंद केला, गोळी चालू आहे. तुमच्या ओळखीत कुणी ही गोळी घेत असेल तर ॲसिडिटीसाठी सोबत काय घेतात ते आजच विचारा, आणि मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकलात तिथे खाली हे पण टाका.