राष्ट्रहित? कुणाचं?

म्युनिकमध्ये राहणाऱ्या भारतीयाला २०२२ पासून एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: तुमचा देश रशियाचं तेल का घेतो? विचारणारा सोयीस्करपणे विसरलेला असतो की २०२१ मध्ये जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून अधिक रशियाचाच होता आणि युक्रेन युद्ध पेटल्यावरही तो काही महिने येत राहिला. पर्यावरणवादी ग्रीन पक्षाचे तेव्हाचे जर्मन मंत्री रॉबर्ट हाबेक तर मार्च २०२२ मध्ये गॅससाठी कतारला गेले. रशियन तेल भारतात शुद्ध करून झालेलं डिझेल युरोपने त्यानंतरही घेतलंच. असली नीतिमत्ता आम्हाला कुणी शिकवू नये.

पण पुण्यातल्या मित्रांशी बोललं की वेगळीच चीड येते. तिथे ‘राष्ट्रहित’ म्हटलं की विषय संपला. युरोपचे प्रश्न म्हणजे जगाचे प्रश्न नव्हेत, असं जयशंकरांनी स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हात सुनावलं, ती क्लिप अजून फिरते. सुनावलं ते बरंच केलं. पण पुढे काय?

याच म्युनिकमध्ये जानेवारी १९१९ मध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी विद्यार्थ्यांसमोर एक व्याख्यान दिलं. हेतू शुद्ध ठेवून परिणाम देवावर सोडणं ही एक नीती, परिणामांची जबाबदारी स्वतः घेणं ही दुसरी. राजकारण करणाऱ्याला दुसरी टाळता येत नाही, असा त्याचा रोख. परराष्ट्र धोरणात राष्ट्रहितच बघणारे वास्तववादी वेबरना आपलं मानतात, पण जबाबदारी घ्यायची तर हिशोबही द्यावा लागतो, हे सोडून देतात.

भारताचा हिशोब मांडून बघू. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाचा निषेध केला, भारत तटस्थ राहिला. तेव्हा आपले हजारो विद्यार्थी युक्रेनमध्ये अडकलेले. मॉस्को आणि कीव्ह दोघांशी बोलणं भाग होतं. हा हिशोब मला पटतो.

तेलाचा पटत नाही. रशिया सवलत देत असताना मुंबईत पेट्रोल जुलै २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत १०६.३१ रुपयांवर खिळून होतं. सरकारी कंपन्यांना आधीचा तोटा भरायचा होता, मान्य. पण खासगी रिफायनऱ्यांनी निर्यातीवर कमावलं त्याचं काय? हे विचारलं की मित्र म्हणतात, तू आता जर्मन झालास.

खरेदीला माझा विरोध नाहीच. सवलतीतला किती पैसा कुणाकडे गेला, एवढं संसदेत कुणीतरी आकड्यांसकट सांगावं.